पोटॅश टाकूनही माड पिवळेच? तीन फूट खणल्याशिवाय पुढचं पोतं आणू नका

तक्रार दरवर्षी तीच. मृगाच्या तोंडावर आळ्यात पोटॅश पडतं, पावसाळाभर माड बरे दिसतात, दिवाळी उलटली की खालच्या झावळ्या टोकाकडून पिवळ्या-नारिंगी होऊ लागतात आणि होळीपर्यंत त्या फक्त खराट्याच्या कामाच्या उरतात. मातीचा रिपोर्ट काढावा तर पालाशसमोर (पालाश म्हणजे पोटॅशियम, पोटॅश खतातून झाडाला मिळतं ते) ‘जास्त’ असं छापलेलं. मग घरात दोन तट पडतात: एक म्हणतो रिपोर्ट खोटा, दुसरा म्हणतो खतात भेसळ.

मी राहतो बोरिवलीला. मावशीची वाडी खाडीपलीकडे, गोराईत. बेचाळीस माड, मधल्या जागेत वांगी आणि लाल माठ, जमीन सगळी रेताड, मुठीत घेतली तर शिंपल्यांचा चुरा हाताला टोचतो. तीन वर्षं या वाडीत हीच तक्रार चालली होती. काका दरवर्षी पोटॅश वाढवत गेले आणि झावळ्या दरवर्षी थोड्या आधी पिवळ्या होत गेल्या. शेवटी एका मे महिन्यात आम्ही खणलं. रिपोर्टही खरा निघाला आणि खतही. काय आणि कसं तपासलं ते सांगतो. रेतीतला माड नसला, दुसरं पीक असलं, तरी क्रम हाच ठेवता येईल.

पिवळं म्हणजे कुठलं पिवळं

खणण्याआधी झावळी नीट बघा, कारण तीन वेगळ्या उपासमारींना आपण एकच ‘पिवळं’ म्हणतो. खालची एक झावळी पाडेल्याकडून, म्हणजे माडावर चढून नारळ पाडणाऱ्याकडून, काढून घ्या. तिचं एक पातं तोडून उजेडासमोर धरा. पालाश कमी असेल तर पात्यावर नारिंगी ठिपके दिसतात आणि त्यांतून उजेड आरपार येतो, तेलकट कागदातून यावा तसा. टोक आणि कडा करपलेल्या असतात, मधली शीर हिरवी राहते. नत्र कमी असेल तर ठिपके वगैरे काही नाही, सगळी झावळी सरसकट फिकट पडते. मॅग्नेशियमची खूण मजेशीर आहे: उन्हात राहिलेला भाग पिवळाधमक आणि वरच्या पात्याच्या सावलीत झाकलेला भाग हिरवाच, जणू कुणी स्टेन्सिल ठेवून रंग मारलाय.

तिन्ही बाबतीत जुन्या झावळ्या आधी जातात, कारण झाड जुन्या पानातलं काढून नव्याला देतं. कोवळी झावळी पिवळी असेल तर गोष्ट वेगळी आहे, ती इथे नको.

काकांच्या वाडीत दोन्ही सापडली. बहुतेक माडांवर नारिंगी ठिपके, पण घराजवळच्या सात-आठ माडांवर ते स्टेन्सिल. म्हणजे तिथे पोटॅश इतकं ओतलं गेलं होतं की माडाला मॅग्नेशियम घेता येईना. पालाश जास्त झाला की मॅग्नेशियमची वाट अडते. पिवळं दिसलं की पोटॅश, पोटॅश टाकलं की आणखी पिवळं, असा तो खेळ. दरवर्षी परत येणाऱ्या पिवळेपणाचं अर्धं कोडं कित्येकदा इथेच सुटतं.

रिपोर्टवरचं ‘जास्त’ कुठल्या मातीबद्दल बोलतं

नेहमीचा मातीचा नमुना वरच्या १५ सेंटिमीटरमधला असतो. वीतभर. भात, भाजी, नाचणी यांना तो ठीक. माडाची कामाची मुळं मात्र साधारण ३० ते १२० सेंटिमीटर खोलीवर, बुंध्यापासून दोनेक मीटरच्या घेरात असतात. म्हणजे रिपोर्ट ज्या मातीबद्दल बोलतो तिथे माड जेवतच नाही.

त्यात माडाच्या मुळांना केसमुळं नसतात. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण पालाश नत्रासारखा पाण्याबरोबर धावत मुळापर्यंत येत नाही. तो मातीच्या ओल्या फटींतून मिलिमीटर-मिलिमीटर सरकतो. केसमुळं असलेलं पीक थोडं हात लांब करून तो गाठतं, माडाला तो जवळपास दारात यावा लागतो. आणि माती कोरडी पडली की हे सरकणंही थांबतं. मुंबईतल्या माणसाला सोपं करून सांगायचं तर खालच्या टाकीत पाणी आहे पण पंप बंद आहे, आणि सोसायटीच्या वहीत मात्र ‘टाकी भरलेली’ अशी नोंद आहे.

आता आकड्यांचे दोन घोळ. काही प्रयोगशाळा पालाश पीपीएममध्ये (दहा लाख भागांत किती भाग) देतात, काही हेक्टरी किलोमध्ये. १५ सेंटिमीटरच्या थरासाठी पीपीएमला २.२४ ने गुणलं की हेक्टरी किलो येतात. नेहमीच्या प्रतवारीत हेक्टरी १०८ किलोच्या खाली कमी, २८० च्या वर जास्त, म्हणजे १२५ पीपीएमला ‘जास्त’ची रेघ ओलांडली जाते. दुसरा घोळ असा की जमिनीचा आकडा बहुधा निव्वळ पोटॅशियमचा असतो आणि खताच्या गोणीवरचा पोटॅशियम ऑक्साइडचा. पहिल्याला १.२ ने गुणलं की दुसरा मिळतो. दोन रिपोर्ट शेजारी ठेवून ‘वाढलं’, ‘घटलं’ म्हणण्याआधी दोन्हींचं माप एकच आहे ना, ते बघा.

काकांच्या ‘जास्त’मागे मात्र तिसरंच कारण होतं. मी विचारलं, “काका, नमुना तुम्ही घेतलात कुठून?”

“कुठून म्हणजे? न्हाणीच्या मागचा माड आहे ना, त्याच्या आळ्यातून. तिथे माती मऊ आहे.”

न्हाणीच्या मागे रोज बंबाची राख पडते. वीस वर्षांची. झावळ्या आणि सोडणं (नारळाची काथ्याची सालं) जाळलेली राख म्हणजे पालाशच. बेचाळीस माडांच्या वतीने तो एक राखेतला माड साक्ष देत होता.

खणायचं कसं

मे महिना बरा, पाऊस यायच्या आधीचा आणि शेवटच्या खतापासून निदान दोन-तीन महिने उलटलेले. एक बरा माड आणि एक आजारी माड निवडा. बुंध्यापासून साधारण दीड मीटरवर, एकाच बाजूला, फावड्याच्या रुंदीचा चर तीन फूट खोल घ्या. चारही बाजूंनी खणू नका, मुळं तुटतात. रेती ढासळते, त्यामुळे एकट्याने कंबरेएवढ्या खड्ड्यात उतरायचं नाही. बाकीच्या माडांसाठी माती काढायचं गिरमिट पुरेल.

तीन घमेली ठेवा: ० ते ३०, ३० ते ६०, ६० ते ९० सेंटिमीटर. चार-पाच ठिकाणची एकाच थराची माती एका घमेल्यात. गिरमिट खालून वर काढताना वरची माती त्याच्या टोपीवर पडते, ती दोन बोटं खरवडून फेकून द्या, नाहीतर वरच्या थरातली राख खालच्या नमुन्यात जाते आणि सगळा उद्योग फुकट. माती सावलीत वाळवा. पिशवीत चिठ्ठी पेन्सिलने लिहून टाका, पेनची शाई ओलीने पसरते.

प्रयोगशाळेत थोडी हुज्जत घालावी लागेल. आम्ही जिथे गेलो तिथल्या काउंटरवरचा मुलगा म्हणाला, “एका झाडाचे तीन कशाला? मिक्स करून एकच द्या, पैसे वाचतील.” नाही म्हणायचं. तीन अर्ज, तीन पावत्या. शिवाय विहिरीच्या पाण्याची बाटली वेगळी, खारेपणा आणि सोडियम बघायला.

पण रिपोर्ट येईपर्यंत थांबू नका, निम्मं उत्तर खड्ड्याच्या भिंतीवरच असतं. आमचा खड्डा असा होता. वरची वीत-दीड वीत करडी-काळी, पालापाचोळ्याची, पण हाताने भुगा व्हावी इतकी सुकी, तिच्यात जिवंत मूळ जवळजवळ नाही. त्याखाली फुटभर पिवळट रेती, शिंपल्यांचे तुकडे, आणि तिच्यात मुळांची गर्दी: करंगळीएवढी जाड, तांबूस, टोकाला पांढरी. दोन फुटांच्या खाली रेतीचा रंग बदलला, राखाडी झाली आणि तिच्यावर गेरूचे शिंतोडे उडावेत तसे ठिपके. तिथली मुळं काळी. एक मूळ चिमटीत धरून ओढलं तर साल बाहीसारखी निघून आली आणि आत नुसता दोरा उरला.

राखाडी रेतीवरचे गेरवी ठिपके म्हणजे पावसाळ्यात पाणी कुठपर्यंत चढतं त्याची खूण. तिथे हवा संपते. मुळाला पालाश आत ओढायला ताकद लागते आणि ताकदीला श्वास. गुदमरलेल्या मुळाशेजारी कितीही पालाश असो, ते त्याच्या उपयोगाचं नाही.

काका खड्ड्याच्या काठावर उकिडवे बसून बघत होते. म्हणाले, “म्हणजे रे, तीन फुटांच्या घरात हा फक्त मधल्या खोलीत राहतो?”

रिपोर्ट आला तो बरोब्बर यावर शिक्का मारणारा. वरच्या थरात पालाश मध्यम, मधल्या थरात सर्वांत कमी, तळाच्या थरात पुन्हा चढलेला. मुळं जिथे होती तिथेच दुष्काळ.

तळाशी गेला कसा

रेतीला पालाश धरून ठेवायला हात नाहीत. चिकणमातीचे कण ऋणभारित असतात, धनभारित पालाश त्यांना चिकटून राहतो. रेतीत असे कण नाममात्र, सेंद्रिय पदार्थही कमी. सांताक्रूझला जून ते सप्टेंबर दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, गोराईचं आकाश काही वेगळं नाही. काका माडामागे दोन किलो पोटॅश मृगाच्या आत एकदम टाकून मोकळे होत. जुलैच्या मध्याला ते दोन फुटांखाली, गुदमरलेल्या मुळांच्या शेजारी जाऊन बसत असणार, आणि त्यातलं काही त्याहीखाली, खाडीच्या दिशेने.

त्यात भर विहिरीची. एप्रिल-मेमध्ये तिचं पाणी मचूळ होतं हे मावशी चहाच्या चवीवरून सांगते. त्या पाण्यातलं सोडियम मातीच्या कणांवर आधीच चिकटलेल्या थोड्याफार पालाशला ढकलून जागा घेतं, आणि सुटा झालेला पालाश पहिल्या पावसात खाली. शिंपल्यांचं कॅल्शियमही त्याच रांगेत घुसतं.

तिसरी गळती आम्हीच करत होतो. शहाळी विकली जातात अख्खी. त्यांच्या सोडणात आणि पाण्यात भरपूर पालाश असतो, तो दादर-बोरिवलीच्या फुटपाथवर जातो आणि तिथून महापालिकेच्या कचऱ्याच्या गाडीत. झावळ्यांचे हीर काढून खराटे, ते मावशीच्या ओळखीच्या बायका नेतात. वाळक्या पानातला पालाश पहिल्या दोन-चार सरींतच मातीत उतरतो, कुजायचीही वाट बघत नाही. ते पानच आपण विकत होतो. खराट्याचे पैसे मावशीचे असल्यामुळे या मुद्द्यावर मी फार ताणलं नाही.

मग केलं काय

खताचं प्रमाण वाढवलं नाही. वाढलेल्या माडाला वर्षाला ५०० ग्रॅम नत्र, ३२० ग्रॅम स्फुरद (फॉस्फरस) आणि १२०० ग्रॅम पालाश ही कासरगोडच्या सीपीसीआरआय या नारळावर संशोधन करणाऱ्या केंद्रीय संस्थेची शिफारस. १२०० ग्रॅम पालाश म्हणजे ६० टक्क्यांच्या एमओपीचे (म्युरेट ऑफ पोटॅश, नेहमीचं पोटॅश खत) दोन किलो, म्हणजे काका वाढवत वाढवत शेवटी पोचले होते तेवढंच. बदलली ती वेळ. शिफारशीतच एक तृतीयांश मे-जूनला आणि दोन तृतीयांश सप्टेंबर-ऑक्टोबरला असं आहे. मुंबईतून पावसाची माघार साधारण ८ ऑक्टोबरच्या आसपास धरतात, म्हणून मोठा हप्ता सप्टेंबरच्या शेवटी, जोर ओसरल्यावर, आणि रेतीत तोही दोन वेळा विभागून. बुंध्याला चिकटून टाकायचं नाही, आळ्यात बुंध्यापासून दीड ते दोन मीटरच्या कड्यात पसरून वरून मातीत मिसळायचं.

दुकानात गेलात तर तुम्हाला ०:०:५० (सल्फेट ऑफ पोटॅश) गळ्यात मारायचा प्रयत्न होईल, ‘क्लोरीन नाही, झाडाला चांगलं’ म्हणून. द्राक्षाला किंवा तंबाखूला ते ठीक. माडाला क्लोरीन आवडतं, त्याला लाल एमओपीच बरं, आणि स्वस्तही. १५:१५:१५ ची (नत्र, स्फुरद, पालाश प्रत्येकी १५ टक्के) सवय असेल तर हिशोब करा: १२०० ग्रॅम पालाश त्यातून द्यायचा तर माडामागे आठ किलो लागेल आणि नत्र, स्फुरद गरजेपेक्षा कितीतरी जास्त जाईल. चेंबूरच्या कारखान्यातून येणारं ते सुफला वांग्याच्या वाफ्याला टाका, तिथे ते शोभतं.

स्टेन्सिलवाल्या सात-आठ माडांना वर्षभर पोटॅश बंद आणि प्रत्येकी ५०० ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट.

मधल्या थराला पालाश धरून ठेवायला काहीतरी हवं होतं, ते म्हणजे सोडणं. बुंध्यापासून पावणेदोन मीटरवर गोल चर, दोनेक फूट खोल, त्यात सोडणांची खोलगट बाजू वर करून थर लावायचे आणि माती लोटायची. पहिल्या पावसात ती स्पंजासारखी भिजतात, हळूहळू कुजतात, पाच-सहा वर्षं पुरतात. ही काही माझी अक्कल नाही, कोकणात जुन्या वाड्यांतून हे होतच होतं. सोडणांना काथ्याचं गिऱ्हाईक मिळालं तसं सुटलं. आम्ही पहिल्या वर्षी अकराच माडांना करू शकलो, तेवढीच सोडणं होती.

आणि पाणी. वरचा थर नोव्हेंबरपासून सुकत होता म्हणून तिथे मुळं नव्हती. आळ्यात झावळ्यांचं आच्छादन आणि विहीर गोडी आहे तोवर, म्हणजे फेब्रुवारीपर्यंत, ठरावीक दिवसांनी भरपूर पाणी. तळाचा थर मोकळा करायला मात्र चर लागत होता. पूर्वी वाडीच्या कडेने एक होता, शेजारच्या प्लॉटवर भराव पडला तेव्हा तो बुजला. त्यावरून झालेली बाचाबाची इथे सांगत बसत नाही. आम्ही आपल्या हद्दीत दुसरा खणला, अडीच फूट, उतार खाडीकडे. पुढच्या ऑगस्टला पाहिलं तर खड्ड्यातलं पाणी हातभर खाली होतं.

तुमची जमीन रेतीची नसेल तर

घाटावर काळी जमीन असेल आणि तुम्ही दादरला बसून ती फोनवर कसत असाल, तर तिथे उलटं होतं. काळी माती पालाश इतका घट्ट धरते की वरून फेकलेलं पोटॅश वरच्या तीन-चार बोटांतच राहतं. रब्बीत तो थर वाळतो, हरभऱ्याची मुळं खालच्या ओलीत जातात आणि वरचा पालाश वरच राहतो. तिथे खत पेरणीबरोबर बियाण्याच्या खाली, बाजूला, पडायला हवं. खाली कडक थर बसला असेल तर आधी तो फोडायचा.

रत्नागिरीकडची तांबडी जांभ्याची जमीन स्वभावाने रेतीच्या जवळची, कारण तिची चिकणमाती पालाश फारसा धरत नाही. शिवाय आम्लता. खालचा थर फार आंबट असेल तर ॲल्युमिनियममुळे मुळं खाली उतरतच नाहीत, तेव्हा खालच्या थराचा सामूही (पीएच) मागवा.

सोसायटीतले माड हा वेगळाच प्रकार. वर ट्रकने आणलेली फूटभर लाल माती, खाली डेब्रिज आणि चुना, आणि बुंध्याला चिकटून पेव्हर ब्लॉक. तिथे मातीचा रिपोर्ट काढण्याआधी सेक्रेटरींकडून निदान मीटरभर घेरातले ब्लॉक उचलून घ्या.

किती दिवस वाट बघायची

इथेच बहुतेकांचा धीर सुटतो. पिवळी झालेली झावळी पुन्हा हिरवी होत नाही, तिच्याकडे बघून निकाल लावू नका. माड महिन्याला साधारण एक नवी झावळी काढतो आणि डोक्यावर तीसेक असतात, म्हणजे सगळा मुकुट बदलायला अडीच-तीन वर्षं. नारळाचं तर त्याहून लांब: पोय (माडाचा फुलोरा) पोटात धरल्यापासून नारळ पिकेपर्यंत सुमारे ४४ महिने लागतात. यंदाचं खत पुढच्या वर्षीच्या पाडणीत शोधणं म्हणजे बारशालाच मार्कशीट मागणं.

आम्ही पाडेल्याला सांगून पहिल्या वर्षी प्रत्येक माडाच्या सर्वांत नव्या उघडलेल्या झावळीच्या देठाला लाल नायलॉनची दोरी बांधली. दोरीच्या वरची झावळी म्हणजे नव्या पद्धतीत वाढलेली. परवाच्या रविवारी, तिसऱ्या पावसाळ्यानंतर, काका दोरीला हात लावायला म्हणून शिडीवर चढले आणि मावशी खालून ओरडत राहिली. सोडणं पुरलेल्या अकरांपैकी नऊ माडांच्या दोऱ्या आता खालच्या घेरात आल्यात आणि दोरीवरच्या झावळ्यांवर ठिपके नाहीत. दोन माडांवर अजून आहेत. ते दोन्ही भरावाच्या बाजूचे. तिथे येत्या मेमध्ये पुन्हा गिरमिट लावायचं आहे, या वेळी ९० च्या खाली.